पांढरं चाक

वाचतो ना ताई, पाटी वाचतो – पळून थोडाच चाललोय? एक डोळा झाला की नाही वाचून? धडाधड वाचला. शेवटच्या ओळीतलं एक अक्षर चुकलं असेल, पण ते तर मुंगीच्या पायाएवढं. मग दुसरा त्यात आलाच की! एकाच कपाळाखालचे दोन डोळे, वेगळे कसे निघतील? बरं, बरं, झाकतो. फक्त ते दार उघडं राहू द्या. वारा नको हो मला, बाहेर नंबर पुकारतात तो ऐकू यायला हवा. माझा नऊ. आठ नंबर आत्ताच भरून गेला. चार दिवस झाले या यार्डात मालाची वाट बघत – तोच नळ, तोच बाकडा, त्याच चार माणसांच्या त्याच गप्पा – आणि आज माल लागलाय तो कुठला? घराकडचा! सरळ माझ्या गावाच्या फाट्यावरून जाणारा. बावीस दिवसांनी. आणि नंबर पुकारल्यावर कागद हातात नसला, तर नाव सगळ्यांच्या खाली, छत्तीस गाड्यांच्या मागं. पूर्वी हे नव्हतं. आता म्हणे डोळ्यांचा कागद दाखवल्याशिवाय गेटपास नाही. चांगलंय, चांगलंय – वाईट कोण म्हणतंय? पण आजच कशाला?

ती बघा, दारातून दिसते – हिरव्या तोंडाची, लाइनीत पहिली. तीच माझी. डाव्या अंगाला सावली पडलीय ना, हमाल जेवणाचे डबे सोडून बसलेत तिथं. बसू दे, बिचारे सकाळपासून पोती वाहतायत. आणि ते पुढचं चाक पांढरं दिसतंय ना? त्यावरून सगळे मला पिडतात – गाडीनं एकाच पायात मोजा घातलाय म्हणे. रस्त्याचा रंग आहे तो. डिझेलनं घासला, तारेच्या काथ्यानं घासला, जात नाही. रस्त्याच्या कडेचे दगड रंगवतात ना, त्या माणसांतल्या एकाचा रंगाचा डबा चाकाखाली आला. डबाच हो! एवढं काय लगेच वहीत लिहायचं?

झाकलाय की, हा काय. – अरे, डावाच झाकला होय? बघा, हात बदलला पण डोळा तोच राहिला. सवय हो. नाही, फसवत नाही – तुम्ही माझ्या मुलीसारख्या, तुम्हाला कशाला फसवू? उजवा झाकायचा. झाकतो. घाई असलेला मी, आणि टोकताय तुम्ही. जरा घाम पुसू द्या.

तुम्हाला वाटत असेल गाडी चालवणं म्हणजे नुसतं बघणं. नाही ताई. रस्ता डोक्यात असावा लागतो. ऑफिसातले ते संगणकावर रेघ मारून देतात – असे जा, इतक्या तासांत पोहोचा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? मी माझा रस्ता माझा काढतो. आता हाच माल घ्या. आज भरून घ्यायचा, उद्या उजाडताना निघायचं. पहिल्या पुलानंतर शहरात शिरायचंच नाही, बाहेरून वळसा – चाळीस किलोमीटर जास्त पडतात, पडू देत. मग घाट, त्यात एकोणीस वळणं, मला पाठ आहेत, झोपेत सांगीन. म्हणजे झोपेत चालवत नाही, बोलायची पद्धत. दिवे लागायच्या आत गाडी उभी. डिझेल दोनदा, आणि दोन्ही वेळा आपल्याच हाताच्या, म्हणजे रस्त्याच्या डाव्या कडेच्या पंपावर. समोरच्या बाजूला कितीही चांगला पंप असो, मी जात नाही. मालक विचारतो, का रे बाबा, टाकी तळाला जाईपर्यंत थांबतोस कशाला? मी म्हणतो, तिकडचं डिझेल बाधतं. हसतो तो. त्याला काय माहीत – आपल्या हाताच्या पंपावरून निघताना नुसतं उजवीकडं बघायचं, की लागलो रस्त्याला. समोरच्या पंपावरून निघायचं म्हणजे डावीकडून येणारं सगळं –

नाही, काही नाही. डावीकडून गर्दी असते, एवढंच म्हणत होतो.

किती दिवस? काय किती दिवस? – आठ महिने. म्हणजे डोळ्यावर धूर बसल्यासारखं होतं कधी कधी. धुतलं की बरं वाटतं. पूर्वी बरं वाटायचं. घरी? घरी कशाला सांगू! आधीच बायको प्रत्येक फोनला, पोहोचलात का, जेवलात का. मागच्या वेळी घरी होतो तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. कितीतरी वेळ उभी असेल, मी आपला समोर बघत बसलेलो. शेवटी तांब्या आदळला आणि म्हणाली, आताशा माझ्याकडे बघतसुद्धा नाही तुम्ही. रडली हो. एकोणतीस वर्षांत भांडली खूप, पण अशी रडली नव्हती. आणि मी काय केलं? तांब्या उचलून ठेवला. मन उडालंय असं वाटू दे तिला, पण हे नको कळायला. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून फोनवर नीट बोलत नाही, म्हणून तर घराकडचाच माल पाहिजे होता मला. समोर बसून, उजव्या बाजूला बसवून, बोलायचंय तिच्याशी.

हं, घ्या. उजवा झाकला. चांगला दाबून झाकलाय, फटीतून बघत नाही, बघा हवं तर. वरून सुरू करतो. ग – हे सगळ्यात मोठं. मग द, ट. मग म, र, च. चौथी ओळ प, न, व, ल. पाचवी –

का हो? मध्येच का थांबवलंत? बरोबर येतंय ना? मघाशी हीच तर होती... पाटी उलटवलीत? कधी? मी गाडी दाखवत होतो तेव्हा? थांबा, हात काढू द्या –

आकडे.

नुसते आकडे आहेत. अक्षर एकही नाही.

हसा ना. मी तुमच्या जागी असतो तर हसलो असतो. चार दिवस या खिडकीखाली बसून आतली माणसं काय वाचतात ते पाठ केलं, पोरं परीक्षेला करत नाहीत एवढं. तुमच्याकडे दुसरी बाजू असेल हे काही डोक्यात आलं नाही. माझीच दुसरी बाजू सांभाळता सांभाळता नाकीनऊ आले होते.

ते डब्याचं सांगतो. पेन ठेवा आधी. डबा एकटा नव्हता ताई. त्या डब्यामागं माणूस बसलेला होता, दगड रंगवत, पाठ रस्त्याकडं. भर दुपार, लख्ख ऊन. मला दिसलाच नाही. डबा फुटल्याचा आवाज आला, मी थांबलो, उतरून पलीकडं गेलो, तेव्हा दिसला – गवतात पडलेला, कमरेपासून पांढरा, हातात ब्रश तसाच. लागलं नव्हतं काही. उडी मारली म्हणून वाचला. उडी त्यानं मारली. मी काहीच केलं नाही, मी तर सरळ चाललो होतो. शिव्या देईल म्हटलं, चार थोबाडीत देईल, मी खाल्ल्या असत्या. तो नुसता म्हणाला, दादा, मी केवढा मोठा बसलोय, दिसलो नाही? मी म्हटलं, ऊन होतं डोळ्यावर. ऊन पाठीमागं होतं. त्यालाही कळलं असेल.

तेव्हापासून ते चाक घासतोय.

ऐकलंत? नऊ. नऊ नंबर. पुन्हा पुकारला. तिसऱ्यांदा पुकारला की संपलं. नाही, तुम्ही नका उठू. अजून एक हाक आहे... एक सही केलीत तर पाच मिनिटांत गेटपास हातात असेल माझ्या. उद्या संध्याकाळी घरी. कुणाला कळतंय?

हमाल बसलेत हो. डाव्या अंगाला, चाकाला पाठ लावून. किती आहेत? तुम्हाला दिसतात ना इथून – किती? सहा? मला वाटलं होतं चार.

लिहा काय लिहायचं ते. घरी मी सांगतो. कुठली तरी बस असेल, बसनं जाईन – खिडकीपाशी नाही बसत, बाहेर बघून करायचंय काय. आणि हे घ्या, ही चावी. दहा नंबरवाल्याला द्या, गाडी लाइनीतून बाजूला काढायला सांगा. मी? नको. वीस पावलंसुद्धा नको. आधी त्या माणसांना उठव म्हणावं, सहाच्या सहा मोज, मग स्टार्टर मार. जा ना ताई, लवकर जा.