आमचा वकील आम्हीच निवडला

सन्माननीय अध्यक्ष महापौर बर्निसबाई, व्यासपीठावरील फादर लॅम्बर्ट, आमच्या वकील जॉइस टिबेट्स, आजचे सत्कारमूर्ती ऑर्विल क्राटोखविल, आणि कोलाच्यांच्या, म्हणजे आपल्या गोड पावांच्या, ताटांकडे डोळे लावून बसलेल्या समस्त गावकरी मंडळींनो,

मला दोनच शब्द बोलायला सांगितलंय. ते मला जमणार नाही, हे सांगणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

ऑर्विल एकतीस वर्षं आमच्या कारखान्यात धान्याच्या कोठारांच्या शिड्या वेल्डिंग करत आले. माझ्या हातात पहिल्यांदा वेल्डिंगची टॉर्च दिली ती त्यांनीच. "पोरी, घाई करायची असेल तर घरी जा," असा दम देऊन! चार वर्षांपूर्वी आमच्या एका शिडीची पायरी तुटली. एक शेतकरी पडला, कंबर मोडली, आणि आमच्यावर दावा लागला. जो तो म्हणे, जोड कच्चा होता. म्हणजे कोणाचा? ऑर्विलचा. सात आठवडे या माणसाने टॉर्चला हात लावला नाही. मला ते बघवत नव्हतं हो.

विमा कंपनीचं पत्र आलं. "खटला आम्ही लढवू, वकील आमचा. मात्र काम जाणूनबुजून कच्चं केलेलं निघालं, तर भरपाई देणार नाही." त्यांचे वकीलसाहेब आले. कॉफी घेतली, तुटलेल्या शिडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि ऑर्विलना पहिलाच प्रश्न काय, तर "जोड कच्चा आहे हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना?"

आता तुम्हीच सांगा, याचं उत्तर 'हो' आलं तर फायदा कोणाचा? मी विचारलं, "साहेब, तुम्ही वकील आमचे की विमा कंपनीचे?"

"दोघांचाही, मॅडम."

"मग त्यांचेच राहा. दार तिकडे आहे."

कंपनीने डोळे वटारले. मीही वटारले. जॉइसबाई म्हणाल्या, "त्यांचं हित तुमच्या हिताच्या आड येतंय. कंपनीच्या खर्चाने स्वतःचा वकील मागून तर बघ." मी जॉइसबाईंनाच मागितलं. पाच पत्रं गेली, तेव्हा कुठे कंपनी नमली.

जॉइसबाई आल्या त्या कारखान्यात घालायचे बूट मागतच. पायरी उजेडात धरून जोडावरून बोट फिरवलं. "लोरेटा, जोड शाबूत आहे. त्याच्या शेजारी पायरीची नळी फाटलीय. ही एवढी पातळ नळी कोणी मागवली?"

मी. शिडी हलकी होईल, चालून जाईल, असं वाटलं म्हणून.

"हे कोर्टात मांडलं तर ऑर्विल सुटतील आणि नाव तुझं येईल. गुपचूप तडजोड केली तर कागदावर कोणाचंच येणार नाही."

"आणि गाव ऑर्विलनाच धरेल. मांडा तुम्ही!"

मांडलं. पेपरात माझा फोटो आला, तोही भयंकर. त्या शेतकऱ्याला भरपाई मिळाली, मिळायलाच हवी होती. विमा कंपनीने पुढच्या वर्षी आम्हाला नारळ दिला. देईनात का!

आयोजकांचे आणि कोलाचे करणाऱ्या भगिनींचे मनापासून आभार. बोलताना काही अधिकउणं झालं असेल, तर अध्यक्षांनी पोटात घालावं. त्या वकिलाला दार दाखवल्याबद्दल मात्र मी कोणाचीही माफी मागणार नाही.

माफी मागायची ती एकाच माणसाची. ऑर्विल, कोर्टात मी सगळं सांगितलं, पण चार वर्षांत तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. आज सगळ्यांदेखत बोलते. चूक माझी होती. मला माफ करा.