घरापासून नदी किती दूर

माया: ते आधी खोडा.

तुळशीराम: काय खोडू?

माया: "पाणी चोवीस तास येते." सकाळी साडेसहाले येते अन् साडेसातले जाते. मे महिन्यात तेही नाई, टँकर येते.

तुळशीराम: गच्चीवर टाकी आहे न आपली. टाकीतून चोवीस तास येते. त्यात खोटं काय?

माया: टाकी कोण भरते?

तुळशीराम: हे पाय, असं करशील तर सात प्रश्नायले सात दिवस लागतीन. होणाऱ्या सुनेले आपण चिठ्ठी लिहून राहिलो, पोलिसात जबाब नाई देऊन राहिलो.

माया: रुचितानं हे प्रश्न मले विचारले. माझ्या मोबाइलवर. यशले नाई, तुम्हाले नाई. तुमचं अक्षर चांगलं म्हणून तुम्हाले लिहाले बसवलं, तर तुम्ही मनचंच लिहून राहिले.

तुळशीराम: छत्तीस वर्षं रेल्वेच्या वॅगन शॉपच्या ऑफिसात लिहिलं मी. कोणती गोष्ट कशी मांडाची ते मले कळते. ऐक. "उन्हाळा कडक असला तरी सुसह्य आहे, असे नम्रपणे कळविण्यात येते."

माया: मागच्या मे महिन्यात कूलरपुढं बनियनवर बसून "माया, मी काई वाचत नाई आता" कोण म्हणत होतं?

तुळशीराम: ते म्हणाची पद्धत असते.

माया: पंचेचाळीस लिहा. आकडा लिहा. अन् हवेचं काय लिहिलं?

तुळशीराम: "हवा मोकळी."

माया: गच्चीवर पांढरी चादर टाकली तर संध्याकाळी तिच्यावर बोटानं नाव लिहिता येते. कारखान्यायची धूळ येते म्हणून लिहा. कपडे आत वाळवावे लागतात म्हणून लिहा.

तुळशीराम: मग एकदाचं असंच लिहितो न, "बाई, तू येऊच नको." मराठी घरची असली तरी कानपुरात वाढलेली पोरगी आहे ती. तिचा पहिलाच प्रश्न काय, तर रायपूर साउथमध्ये येते का. तिकडच्या लोकायले जबलपूरच्या खाली सगळं साउथच वाटते. तिले आधीच भेव वाटून राहिलं, अन् तू वरून धूळ दाखव.

माया: बसचं वाचा.

तुळशीराम: "नवा रायपुरला जाण्यास बसेस वारंवार उपलब्ध आहेत."

माया: तुम्ही बसमध्ये शेवटचे कधी बसले?

तुळशीराम: माझ्याजवळ स्कूटर आहे तर मी बसमध्ये काहून बसू?

माया: तिले तिकडंच नोकरी लागून राहिली. सहाची बस हुकली तर त्या रुंद रस्त्यावर पोरगी तासभर एकटी उभी राहीन. तुमच्या "वारंवार"च्या भरवशावर. राग येते मले, खरंच राग येते.

तुळशीराम: मलेही येते. दोन ठिकाणी मोडलं, माया. पुण्याच्या पोरीनं तर यशचा फोटोही पाहिला नाई. रायपूर म्हणल्याबरोबर नाई म्हणली. एकतीसचा झाला पोट्टा. मी रात्रंदिवस तोच विचार करतो अन् तू त्याचीच गाडी उलटी ढकलून राहिली.

माया: त्या दोघींनी नाई म्हणलं तेव्हा मलेही वाईट वाटलं. पण खरं ऐकून तरी नाई म्हणल्या न त्या. सातवा वाचा.

तुळशीराम: सातवा राहू दे.

माया: वाचा.

तुळशीराम: "नकाशात शहराजवळ नदी दिसते. घरापासून नदी किती दूर आहे?"

माया: काय लिहिलं?

तुळशीराम: "खारून नदी जवळच आहे."

माया: जवळच.

तुळशीराम: आता त्याच्यावर नको चालू करू.

माया: पवनीले आमच्या ओट्यावरून वैनगंगा दिसे. दोन स्थळं आली होती. मी बाबायले म्हणलं, जिथं नदी असन तिथं देजा. तुम्ही आमच्या घरी चहा पीत पीत म्हणले, घराच्या मागंच नदी आहे.

तुळशीराम: मागं पाणी होतं.

माया: वॅगन शॉपची नाली होती.

तुळशीराम: पावसाळ्यात चांगली भरे ती.

माया: लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी बादलीत कपडे घेतले अन् नदीवर जाले निघाली. शेजारच्या साहू दीदीले विचारलं, नदी कुठं आहे? तिले वाटलं मी गंमत करून राहिली. मग म्हणे, नौ किलोमीटर है बहिनी, रिक्शा करबे का? मी तिथंच नळावर कपडे धुतले अन् घरी आली.

तुळशीराम: हे तू मले कधी सांगतलं नाई.

माया: तुम्हाले काय सांगाचं? तुम्हाले माहीत होतं न नदी कुठं आहे ते.

तुळशीराम: तू नाई म्हणली असती.

माया: म्हणली असती तर म्हणली असती.

(आतल्या खोलीतून यशदीप येतो.)

यशदीप: हो गया क्या मम्मी? चिट्ठी का फोटो भेजना है न? रुचिता कब से पूछ रही है.

माया: थांब. लिहा हो, "नदी नऊ किलोमीटर दूर आहे. घरातून दिसत नाही."

तुळशीराम: लिहिलं.

माया: "तेहतीस वर्षांत यांनी मला तीनदा नेले."

तुळशीराम: चारदा.

माया: चौथ्यांदा विहारातल्या बायांसोबत गेली होती मी. तुम्ही क्रिकेट पाहत होते.

तुळशीराम: तीनदा. बस? घे रे यश, काढ फोटो. पाठव अन् मोकळा हो. आपलं तिसरंही गेलं म्हणून समज.

यशदीप: पापा, आप भी न. उसको सच ही चाहिए... भेज दिया. देख रही है.

तुळशीराम: काय म्हणते?

यशदीप: रुको, लिख रही है. बोल रही है, धूल, गर्मी, बस, सब देख लूँगी, कानपुर में भी कम नहीं है. पर आठवें का जवाब नहीं आया. उसी के बाद हाँ या ना बोलूँगी.

तुळशीराम: आठवा? तू तर सातच वाचून दाखवले मले.

माया: आठवा रायपूरचा नव्हता.

तुळशीराम: मग कशाचा होता? यश, मम्मीच्या मोबाइलवरून वाच तू.

यशदीप: "आंटी, आप ख़ुद वहाँ बाहर से आई थीं. आपको अच्छा लगा?"

तुळशीराम: एवढंच न? आण इकडं वही. लिहून टाकतो, "हो, फार चांगलं वाटलं." त्याच्यात काय एवढं लपवाचं?

माया: लपवलं नाई. सकाळपासून विचार करून राहिली. तेहतीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

तुळशीराम: मग... हो की नाई?

माया: यश झाला तेव्हा साहू दीदीनं चाळीस दिवस डबा आणला, तेही लिहावं लागन. नालीचंही लिहावं लागन. एका शब्दात नाई होत ते. पेन इकडं द्या.