ढोकीच्या स्टँडावरची ढोलकी

ढोकीच्या स्टँडावर सोलापूरच्या गाडीत बसलेल्या पुतळाबाईनं खिडकीखालचा आवाज ओळखला. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या खडी फोडायच्या कामावर येऊन गाणारी जाईबाई हीच! सोबत तिचा थोरला भाऊ पिराजी, ढोलकी गळ्यात.

"दादा, चढा की. गाडी सुटंल."

"तू जा. सोलापूरच्या कॅसेटवाल्यानं गाणी भरायला एकट्या तुलाच बोलावलंय."

"आपल्या गायन पार्टीला बोलावलंय."

"न्हाय जाई. वाजवणारे त्याचे हायती. तुमची ढोलकी नको, म्हणला."

"आन् हे आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर घरातनं निघाली असतीस?"

"बाई असून बाबासाहेबांची गाणी गाती म्हणून लोकांनी दगड मारले, तवा माझ्या म्होरं कोण हुबं ऱ्हायलं? त्यो कॅसेटवाला?"

"म्हणूनच म्हणतो, जा. आपुन जाणार न्हाय तिथं आपली गाणी जातील."

"तुमच्या ठेक्याबिगर मला गाता येत न्हाय."

"येतंय. मला ठावं हाय."

कंडक्टरनं घंटी वाजवली. जाईबाईनं भावाच्या गळ्यातली ढोलकी हिसकावली आणि ती गाडीत चढून पुतळाबाईशेजारी खिडकीशी बसली.

"जाई, ढोलकी दे!"

"न्हाय देत. त्याच्या माणसांनी ही तुमच्यावाणी वाजवून दाखवावी. मगच तोंड उघडीन. न्हायतर सांजच्या गाडीनं माघारी येते."

गाडी हलली, तसा पिराजी खिडकीला धरून दोन पावलं चालला.

"खिडकीच्या उन्हात ठिवू नको. चामडं तडकंल."

पुतळाबाई उठली आणि तिनं आपली आतल्या बाजूची, सावलीतली जागा ढोलकीला दिली.