उष्णता माझ्या माहेरची

अगं, आजबी आठवलं की डोकं तापतंय माझं. लढाईच्या दिवसांत पोराला सर्दी-ताप आला की त्याची लघवी लाल व्हायची, आणि सासूबाई माझ्यावर तुटून पडायच्या, "निपाणीच्या तंबाखूत वाढलीस तू! तुझ्याच माहेरची उष्णता ही!" माझी चटणी बंद, चहा बंद. पोर मात्र खुशाल हुंदडतंय!

एकदा सासूबाईंचा चिकोडीचा भाऊ आलता. पोराची लघवी बघून हसायलाच लागला, "आक्का, तुझी-माझीबी अशीच व्हत्याय की गं! आपल्या आप्पांची तर जन्मभर व्हायची."

मी सासूबाईंकडं बघितलं. तर म्हणत्यात कशा, "मग? मला काय झालंय? धडधाकट हाय की! उगंच बाऊ करायची सवयच हाय तुला!"