पोफळवाडीचं नाव

ऐका. खैरोंडे म्हणून एक गाव होतं. पुढ्यात खाडी, पाठीशी कातळाचा सडा. त्या गावात धाकू होता, धाकूची भागी होती, आणि भागीचे दिवस भरले होते. आधीची बाळं हाती लागली नव्हती, म्हणून दोघांचा जीव टांगणीला.

अंधार पडला आणि भागीला कळा सुरू झाल्या. शेजारीण उशाशी बसली.

"अंबू सुईणीला आणा," भागी म्हणाली. "पण पोफळवाडीतून जाऊ नका हां."

"सड्यावरून गेलो तर उजाडेल गो."

सुईण खारवीवाडीत, गावाच्या पार त्या टोकाला. मधे पोफळवाडी. एके काळी गावातली सगळ्यात भरलेली वाडी ती. पटकीची साथ आली, घरंच्या घरं गेली, उरले ते परगावी पांगले. मागे राहिली नुसती जोती, विहीर आणि पोफळी. देवळात गावचा मानकरी, गावकर, गाऱ्हाणं घालायचा, देवीला एकेक वाडी सांगायचा, लोक मागून "व्हय महाराजा" म्हणायचे, पण ही वाडी तो वगळायचा. नाव घेतलं तर साथ परत येते म्हणे.

धाकू झावळ्यांची चूड पेटवून निघाला. विहीर लागली. पुढे गेला, फणस लागला, वळला, तर पुन्हा विहीर. असेल, चुकलो असेन. पुन्हा चालला. पुन्हा विहीर. चकवा लागला होता, बाबांनो. चकवा सुटावा म्हणून वाहणा उलट्या घातल्या, तरी विहीरच. मग चूड विझली. मग जोत्यांवर घरं दिसायला लागली. ओसरीत दिवे, अंगणं सारवलेली, आणि माणूस एक नाही.

तिकडे भागी कण्हत असणार. धाकूला रडू आलं. त्याने हात जोडले आणि गावकरासारखं गाऱ्हाणं घातलं.

"आई पावणाई, तुझ्या गावात देऊळवाडी आहे..."

"व्हय महाराजा," मागून आवाज आला. म्हाताऱ्याचा. धाकूने मान वळवली नाही. वळवायची नसते, लक्षात ठेवा.

"तेलीवाडी, गुरववाडी, खारवीवाडी..."

"व्हय महाराजा. आणि?"

"बस, एवढंच."

"आणि?" आता बायकाही बोलल्या, पोरं बोलली. मानेवर गार श्वास लागला. "आणि रे, धाकू?"

नाव घ्यावं तर साथ घरात, बाळाच्या उशाशी. न घ्यावं तर वाट नाही. पण धाकूच्या मनात आलं, ही तर गावचीच माणसं. देवीपुढे यांचं नाव कोणी घेतलंय का कधी?

"आणि पोफळवाडी," तो म्हणाला. "तीही आमचीच. माझं लेकरू आज तुमच्या पदरात."

पानसुद्धा हललं नाही. मग सगळ्या जोत्यांवरून एकदम, "व्हय महाराजा." दिवे गेले. समोर वाट सरळ, स्वच्छ.

येताना अंबू सुईण म्हणते, "पुढे एवढी माणसं चुडी घेऊन कुठे चालली रे?"

"आपलीच आहेत, मावशी. पाय उचला."

तेव्हा पोरांनो, रात्रीचं त्या वाटेने मुक्या तोंडाने जाऊ नका. वाडीचं नाव घ्या, मग पाऊल टाका.

पहाटे भागीला मुलगी झाली. रडली ती अशी, की सड्यावर ऐकू गेली. साथबीथ काही आली नाही. धाकूने पोफळवाडीतच, त्या विहिरीजवळ घर बांधलं. पांगलेले एकेक करून परतले. गावकर आता तीच वाडी आधी सांगतो. आणि संध्याकाळी तिथे एवढ्या चुली पेटतात, की धुरात पोफळी दिसत नाहीत.