गाढवावर बसायला आलेला जावई

तुमाला खोटं वाटंल, पण आमच्या गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात. त्यामुळं होळी जवळ आली की गावचे सगळे जावई पसार होतात. औंदा मात्र एक जण आपल्या पायानं आला. ताईनं पळून जाऊन ज्याच्याशी लग्न केलं, तोच! आमचे वडील, आप्पा, त्याचं नावसुद्धा घेऊ देत नव्हते. तो सरळ गाढवापाशी जाऊन म्हणला, "बसवा मला."

सगळी पोरं आप्पांकडं बघायला लागली. सासराच जावई मानत न्हाई, तर बसवायचं कसं?

आप्पा पारावरून ओरडले, "बघताय काय बे? जावई कवाचा उभा हाय!" अन् गाढवाचं दावं त्यांनी स्वतःच धरलं.

मी लगेच फोन लावला, "ताई, लई आनंदाची बातमी हाय. दाजींना गाढवावर बसवलंय!"