ताईच्या गाडीचा दिवा

नाही नाही साहेब, स्टिअरिंगला इतक्यात हात लावू नका — बॅटरीची वायर मी आत्ता काढलीय, दहा मिनिटं जाऊ द्यात. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही गाडीच्या कंपनीची माणसं — वायर काढली तरी एअरबॅगच्या कंट्रोलच्या डब्यात करंट साठून राहतो, तो उतरू द्यायचा असतो. काय? तुमच्या पुस्तकात तीनच मिनिटं लिहिलीत? असतील. मी दहा थांबतो. बावीस वर्षं झाली या गॅरेजला, गाड्यांचं वायरिंग आणि एअरबॅग, दुसरं काही करत नाही मी, आणि बावीस वर्षांत एकदाही बॅग अंगावर फुटली नाही ती या दहा मिनिटांमुळेच. तेव्हा बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय डुगडुगतो — इकडे खुर्चीवर बसा.

तुमच्या स्कॅनरवर काय आलं ते पाहिलं मी. कपाळाला आठ्या पडल्या ना तुमच्या — तेव्हाच वाचलं मी मागून. दोन्ही बॅगांना करंट गेला, दोन्ही उघडल्या, असं डब्यात लिहिलेलं आहे. आणि समोर काय? शेजारच्या सीटची बॅग लोंबतेय फुटून, आणि ड्रायव्हरची — स्टिअरिंगचं झाकण जसंच्या तसं, टाचणीएवढी चीर नाही. शेजारी कोणी बसलेलंच नव्हतं हो. माझी ताई एकटीच होती गाडीत. रिकाम्या सीटसाठी बॅग उघडली आणि बसलेल्या माणसासाठी नाही. तक्रारीत हेच वाक्य आहे, तुम्ही वाचलं असेल. वाक्य माझं आहे ते. म्हणजे पत्र ताईचंच, अक्षर तिचं — ओळी वाकड्या गेल्यात त्या एका डोळ्याने लिहिल्यामुळे — पण असलं तांत्रिक काय काय लिहायचं ते मीच सांगितलं, आणि पेटीत टाकायलाही मीच गेलो. मला वाटलं, कंपनी कसली येतेय. एक छापील उत्तर येईल आणि ताई गप्प बसेल. आणि तुम्ही आलात, तेसुद्धा सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी.

ती वर आहे, गॅरेजच्या वरच्या खोलीत. हॉस्पिटलमधून आणली ती इकडेच. कपडे बेतायचं, दुरुस्त करायचं काम करते ती — कोटाच्या बाह्या कमी कर, पडदे शिवून दे — सगळी बारीक नजरेची कामं. चेहरा स्टिअरिंगवर आपटला, डावा डोळा गेला, जबडा दोन महिने तारेने बांधून ठेवला होता. वेग काही नव्हता हो. उभ्या ट्रकला मागून लागली, बेल्ट लावलेला होता. डॉक्टर काय म्हणाले ठाऊक आहे? बॅग उघडली असती तर नाकाला जरा खरचटलं असतं, इतकंच. माझ्यासमोर म्हणाले. आता रोज सकाळी गॅरेज उघडायच्या आधी मी तिला दहा-बारा सुयांत दोरा ओवून देतो, काळा, पांढरा, तपकिरी, तिला दिवसभर पुरतात. धाकटा भाऊ असून आईसारखं करतोस, म्हणते मला.

तर — कुठे होतो आपण? हो, तपासायची पद्धत. तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो, माझ्याकडून ऐका. एअरबॅगचा लाल दिवा लागला, तर बिघाड बॅगेत आहे की वायरिंगमध्ये? बॅगेला मीटर लावून बघता येत नाही, मीटरच्या एवढ्याशा करंटनेसुद्धा ती फुटू शकते. मग काय करायचं? बॅगेचा पिवळा कनेक्टर काढायचा आणि बॅगेच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टन्स लावायचा. डब्याला वाटतं, बॅग आहे. दिवा विझला तर बॅग खराब, नाही विझला तर वायरिंग खराब. झालं. सोपी गोष्ट. रेझिस्टन्स केवढासा असतो, बोटाच्या पेराएवढा. तो तपासण्यापुरता लावायचा आणि काढायचा. काढायचाच असतो तो.

ताईच्या गाडीचा दिवा गेल्या वर्षी लागला. आणि ताई म्हणजे — तुम्ही भेटाल आता तिला — लहानपणापासून भित्री, आणि भित्री असून गप्प बसणारी नाही. दिवा लागलाय. दिवा अजून लागलाय. आज दोनदा मिचकावला आणि मग लागला. दिवसातून चार-चार फोन, साहेब. मी कोणाच्या तरी डॅशबोर्डखाली उताणा पडलेलो, तोंडात टॉर्च, आणि खिशात फोन थरथरतोय. शेवटी गाडी आणली मी इथे, रेझिस्टन्स लावला, दिवा विझला — म्हणजे बॅग खराब. नवी मागवली. आठ दिवस लागतील म्हणाले. आणि तिला तर गाडी हवी, शिवलेले कपडे घरोघर पोचवायचे असतात. मी जुनी बॅग परत जोडून गाडी दिली असती तर काय झालं असतं? दिवा लागला असता. आठ दिवस रोज चार फोन. कटकट नको म्हणून — हो, कटकटच म्हणालो मी, तोच शब्द मनात होता, खोटं कशाला बोलू — कटकट नको म्हणून तो तुकडा तसाच राहू दिला आत, वरून झाकण बसवलं. तिने विचारलं, नीट झाली का रे? मी म्हटलं, झाली.

असे बघू नका माझ्याकडे.

आठ दिवसांनी बॅग आली की. ते बघा, वरच्या फळीवर, ग्रीसच्या डब्यामागे — ते खोकं. पट्टीसुद्धा फोडलेली नाही. तुम्ही म्हणाल, मग बसवली का नाही? बसवायचीच होती. त्या आठवड्यात काम होतं, पुढच्या आठवड्यातही होतं. आणि मला आठवण कोण करणार? आठवण करणारा तो दिवाच तर मी विझवला होता. ताईचा फोन यायचा बंद झाला तेव्हा मला बरंच वाटलं, साहेब. गिऱ्हाईक ओरडत नाही म्हणजे गाडी ठीक, अशी सवय लागते या धंद्यात. मधे दोनदा ती इथे येऊन गेली त्याच गाडीतून, मला जेवणाचा डबा द्यायला. एकदा माझं लक्ष गेलं खोक्याकडे. म्हटलं, आता हिला थांबवून ठेवलं की पुन्हा सगळं विचारत बसेल, रविवारी बघू. सात महिने गेले असे. सात महिने ती एका रेझिस्टन्ससमोर बसून गाडी चालवत होती.

मग तो ट्रक. डब्याने आपलं काम चोख केलं, कंपनीला मी दोष देत नाही — म्हणजे पत्रात दिलाय, पण तुम्हाला सांगतो, देत नाही. डब्याने वेळेवर करंट सोडला. तो माझ्या त्या तुकड्यात गेला. झाकण उघडलंत की दिसेल, काळा पडलेला असेल. जुन्या बॅगेच्या वायरला पिवळी टेप गुंडाळून बाजूला बांधलीय, तीही माझ्याच हातची. अशी घट्ट टेप इथे दुसरं कोणी मारत नाही.

तुम्ही विचारणार आहात ते मला माहीत आहे. चार महिने गाडी इथेच मागच्या अंगणात ताडपत्रीखाली आहे, तर मी तो तुकडा काढला का नाही? अहो, काढायला निघालो होतो. एकदा नाही, तीनदा. नवी बॅग खोक्यातून काढून तिथे जोडली असती, की तुम्ही आला असतात आणि म्हणाला असतात — बॅग चांगली, वायर चांगली, तरी उघडली नाही, म्हणजे डब्याचाच दोष. ताईला भरपाई मिळाली असती, डोळ्याच्या ऑपरेशनचा खर्च तरी निघाला असता. जगात कोणाला कळलं नसतं. तिसऱ्यांदा तर पेचकस लावून दोन स्क्रू सैलही केले, त्यांच्या डोक्यावर चरे दिसतील तुम्हाला ताजे. आणि हात पुढे जाईना. चांगुलपणा वगैरे काही नाही त्यात. भीती म्हणावी तर तीही नाही. स्टिअरिंगवर तिचं रक्त होतं वाळलेलं, ते पुसल्याशिवाय झाकण धरता येत नव्हतं, आणि ते मला पुसवेना. ताडपत्री टाकली आणि आत येऊन कोणाचा तरी हॉर्न दुरुस्त करत बसलो.

आणि तिला सांगितलं का नाही? रोज सांगायचं ठरवतो. सुया ओवताना ठरवतो. तेवढ्यात ती काही तरी बोलते. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते ती — माझ्या भावाने केली होती गाडी, त्याच्या कामात खोट निघणार नाही, कंपनीनेच कच्चा माल घातला असणार. त्या बायका माझ्याकडे बघून मान हलवतात. मी काय करू? मीही हलवतो.

झाली असतील दहा मिनिटं. जास्तच झाली. उघडा तुम्ही, मी अडवत नाही, हा घ्या पेचकस — की आधी लिहून घेताय? लिहा. तुमचा दोष नाही, असंच लिहा. फक्त एक — तुम्ही तिला सांगाल का? तुमच्या तोंडून, कंपनीकडून, टाइप केलेल्या कागदावर? मला पुढे उभं राहायला सांगा हवं तर, मी उभा राहतो. पण पहिलं वाक्य तुम्ही बोला. नाही? तुमचं ते काम नाही. खरंय. तुमचं कसं असेल ते काम.

पावलं ऐकू येतायत का जिन्यावर? तीच. हळू उतरते हल्ली, पायऱ्यांचा अंदाज येत नाही. हाक मारू नका, दचकते. साहेब, एवढं ऐका — तुम्ही काही बोलू नका. नाही, बोला. नाही — थांबा.

ये ताई. कठडा धर. हो, हेच कंपनीचे साहेब, लवकर आले. काय आणलंस? सगळी फाइल? डॉक्टरांचे कागदही? त्यांना नको दाखवूस. नको म्हणतोय ना. हुशार वगैरे काही नाही मी, त्यांना काय सांगतेस ते — ताई, ऐक. बस खाली. रडत नाहीये मी. साहेब, तुम्ही बाहेर जा जरा. पेचकस राहू द्या, तसेच जा. ताई, मागच्या वर्षी तू विचारलं होतंस गाडी नीट झाली का. झाली नव्हती.